मूल घरातच राहावं म्हणून: मुंबईतल्या चर्चसाठी कामाचा क्रम

मुंबईतल्या मंडळ्यांमध्ये अनाथ मुलांसाठी काही करायचं ठरलं की बोलणं बहुधा जागेवरून सुरू होतं. चर्चमागचा हॉल आठवडाभर रिकामा असतो, कुणाचं नेरळला घर पडून आहे, तिथे दहा-बारा मुलं ठेवू. जागा नसली तर नाताळ येतो: एखाद्या बालगृहात केक, खेळणी, गाणी आणि फोटो. या दोन्ही बेतांत धारावीत किंवा मालवणीत दहा बाय दहाच्या खोलीत नातवंडं सांभाळणारी आजी कुणाच्याच यादीत नसते. तिला हात मिळाला तर मुलं तिच्याजवळ राहतात. नाही मिळाला तर काही महिन्यांत कुणीतरी तिला “बोर्डिंगात टाका, तिथे जेवण तरी मिळेल” असं सांगतं आणि ती नाइलाजाने ऐकते.

बालगृहांत राहणाऱ्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात. मूल घराबाहेर जातं ते पैशाच्या ओढाताणीमुळे, आजारपणामुळे, सांभाळायला माणूस नसल्यामुळे. २०१५ चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. चर्चने करायचं काम म्हणजे ती शेवटची वेळ येऊ न देणं. ते कोणत्या क्रमाने करायचं हे पुढे दिलं आहे. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी पैसे गोळा झाले आणि मग गरजू मुलांचा शोध सुरू झाला, की पुढचं सगळं चुकत जातं.

टप्पा १: आधी माणसं आणि लेखी नियम

वेदीवरून काहीही जाहीर करण्याआधी पाच-सहा जणांचा गट करा. त्यात एक निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका, एक नर्स, हिशेब ठेवणारं एक माणूस, महिला मंडळातली वस्ती ओळखणारी एक बाई आणि सरकारी कचेऱ्यांत न बुजणारं एक माणूस हवं. महापालिकेतून किंवा रेशनिंग ऑफिसातून निवृत्त झालेलं कुणी मंडळीत असेल तर त्याला आग्रह करून घ्या. पाळकसाहेब किंवा फादर गटात असावेत, पण प्रमुख नसावेत. त्यांची बदली होते आणि त्यांच्याबरोबर कामही जातं, हे बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

मग एका कागदावर नियम लिहा आणि पॅरिश कौन्सिलच्या किंवा चर्च कमिटीच्या सभेत मंजूर करून इतिवृत्तात घ्या:

- घरभेटीला नेहमी दोघांनी जायचं, त्यातली एक स्त्री.
- कुणीही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा प्रवासात एकटं राहायचं नाही.
- गटातल्या प्रत्येकाचा पोलिसांकडून चारित्र्य दाखला घ्यायचा. जुन्या, मानाच्या सभासदांचाही.
- मुलाचा फोटो, नाव किंवा गोष्ट व्हॉट्सॲपवर, चर्चच्या पत्रकात किंवा प्रोजेक्टरवर येणार नाही. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

इशारा: मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, तर “आधी कमिटीत बोलू” हा पर्यायच उरत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. चर्चने स्वतःची चौकशी करायची नाही, मुलाला तेच तेच विचारायचं नाही, समेट घडवायचा नाही. आरोप चर्चमधल्या माणसावर असला तरी हेच.

टप्पा २: कुटुंबं शोधा, मुलं नाही

“गरजू मुलं कळवा” अशी जाहिरात केली की आई-वडीलच मुलांना पुढे करू लागतात. त्यापेक्षा आपल्याच नोंदी उघडा. गेल्या दोन-तीन वर्षांची दफनाची नोंदवही घ्या आणि शाळकरी मुलं मागे ठेवून गेलेल्या आया-बापांची नावं काढा. संडे स्कूलच्या हजेरीत अचानक यायची थांबलेली मुलं पाहा. ज्या पॅरिशमध्ये सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचं, म्हणजे गरीब घरांना भेटून मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचं, काम चालतं तिथल्या सभासदांना घरं आधीच माहीत असतात.

‘अनाथ’ म्हणजे दोन्ही पालक गेलेलं मूल एवढंच धरू नका. आई क्षयरोगाने शिवडीच्या रुग्णालयात आहे, बाप आर्थर रोडच्या तुरुंगात आहे, आईने दुसरा संसार मांडला आणि मूल आत्याकडे राहिलं, बाप दारूत आणि आई धुणीभांडी करून दमलेली, अशी घरं संख्येने जास्त असतात. ती मोडण्याच्या आधी हाती लागतात.

शेजारच्या खोलीतलं घर ख्रिस्ती नसेल तरी ते यादीत येऊ शकतं, यायला हवं. पण मदतीच्या बदल्यात भक्तीला या, मुलाला संडे स्कूलला पाठवा असं सुचवायचंसुद्धा नाही. गरजेच्या वेळी दिलेला होकार खरा नसतो. मुलाच्या घरच्या धर्माला हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या टप्प्यातल्या कागदावर लिहून ठेवा.

टप्पा ३: घरभेट

इथे घाई सर्वात जास्त होते. पाच मिनिटं उभ्याने बोलून, प्रार्थना करून, तांदळाची पिशवी ठेवून लोक निघतात. ती भेट म्हणून ठीक आहे, पण पाहणी म्हणून तिचा उपयोग नाही. निदान दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी. दुपारी बारा-साडेबाराला मुलं शाळेतून आल्यावर घर कसं असतं आणि रात्री आठला कसं, यात खूप फरक असतो.

आजीला किंवा मावशीला हे विचारा, आणि तेही फॉर्म भरल्यासारखं नको, गप्पांत:

मुलं कुठे झोपतात आणि त्या खोलीत आणखी कोण झोपतं? आजीला ताप आला तर शाळेत कोण सोडतं? खोली कुणाच्या नावावर आहे, की पागडीची, की अकरा महिन्यांच्या करारावरची? करार संपतो कधी? कर्ज कुणाचं, व्याज किती? सोनं गहाण आहे का? मामा, आत्या, काका कुठे राहतात, येतात का, शेवटचे कधी आले? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. मुंबईत नातं दूर गेलेलं वाटतं, पण विरारला किंवा पनवेलला राहणारा मामा महिन्यातून दोन रविवार मुलांना नेऊ शकतो. मुलाला आपली माणसं म्हणजे फक्त आजी नाहीत हे त्यातून कळतं.

मुलाशीही बोला, दार उघडं ठेवून, घरातल्यांच्या नजरेच्या टप्प्यात पण थोडं बाजूला. तुला काय हवं, असं थेट विचारलं तर मूल सायकल सांगतं. दिवस कसा जातो ते विचारा. मूल कुणाचं नाव टाळतं, कुणाचं नाव घेताना मोकळं होतं, ते लक्षात ठेवा.

दुसऱ्या भेटीनंतर गटाने बसून एका वाक्यात निर्णय लिहायचा. घर सुरक्षित आहे आणि आधार हवा आहे. किंवा घर सुरक्षित आहे पण सांभाळणारं माणूस फार काळ टिकणार नाही, तेव्हा आत्तापासून दुसरं नातेवाईक तयार करायला हवं. किंवा घर सुरक्षित नाही, आणि मग थेट टप्पा ७.

तपासून पाहा: “गरीब आहेत” हे कारण लिहून कुणी मुलाला घरातून हलवायचं सुचवतंय का? मुलांच्या पर्यायी संगोपनाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट आहे की निव्वळ गरिबी हे मुलाला कुटुंबापासून तोडण्याचं कारण होऊ शकत नाही. भावंडांना वेगळं करायची सूचना आली तरी तिथेच थांबा.

टप्पा ४: कागद

बहुतेक मंडळ्या हा टप्पा गाळून थेट मदतीवर जातात, आणि म्हणून कुटुंब वर्षानुवर्षं चर्चच्या पाकिटावर राहतं. कागद झाले की सरकारची मदत सुरू होते आणि चर्चचा पैसा दुसऱ्या घराला लागतो. सरकारी कचेऱ्यांत न बुजणाऱ्या त्या माणसाचं खरं काम इथे आहे. आजीला यादी देऊन पाठवू नका, तिच्याबरोबर जा.

गोळा करायचे कागद, साधारण याच क्रमाने: मुलाचा जन्मदाखला, आई किंवा वडिलांचा मृत्यूदाखला (मुंबईत मृत्यू झाला असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयातून), मूल आणि सांभाळणारी व्यक्ती दोघांचं आधार, रेशनकार्डावर मुलाचं नाव, शाळेचा बोनाफाईड दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या आणि सांभाळणाऱ्याच्या नावाचं बँक खातं.

इथल्या नेहमीच्या चुका अशा. बाप्तिस्म्याचा दाखला जन्माचा पुरावा म्हणून चालेल असं धरून बसणं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच लागतो, आणि त्याआधीच्या मुलांचंही त्याच्याशिवाय अडतं. आईचं नाव एका कागदावर लग्नाआधीचं आणि दुसऱ्यावर लग्नानंतरचं असणं. ‘मेरी’ आणि ‘मारिया’ एवढ्या फरकानेही अर्ज परत येतो, तेव्हा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. आणि मृत पालकाचे मूळ कागद नातेवाइकांनी वाटून घेणं. ते पहिल्या महिन्यातच मागून घ्या, झेरॉक्स काढा, एक संच चर्चच्या कपाटात कुलपात ठेवा.

मूल वारस आहे हेही इथेच पाहा. वडील कारखान्यात किंवा कंपनीत असतील तर भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत पेन्शन असते, आणि दोन्ही पालक गेले असतील तर तिची रक्कम जास्त असते. पुष्कळ घरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. खोली झोपडपट्टी पुनर्वसनात असेल तर पात्रता यादीत, म्हणजे परिशिष्ट-२ मध्ये, वारस म्हणून मुलांची नावं लागली का ते बघा. काका गोड बोलून सही घ्यायला येतो तो याच वेळी. सही करण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना आणि स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो.

टप्पा ५: सरकारी आधार मिळवा

आधी जिल्हा ठरवा. चर्चची हद्द आणि सरकारची हद्द जुळत नाही. माहीम, धारावी, शीवपर्यंत मुंबई शहर जिल्हा. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-मानखुर्दपर्यंत मुंबई उपनगर. मिरा रोड ठाण्यात आणि वसई पालघरमध्ये येते. चर्च कुठे आहे हे महत्त्वाचं नाही, मूल जिथे राहतं त्या जिल्ह्याच्या महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे आणि बाल संरक्षण कक्षाकडे जायचं.

पाहण्याजोग्या योजना मुख्यतः दोन. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना: अनाथ, एकपालक, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेल्या मुलांना घरीच वाढवण्यासाठी, दरमहा २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना, जिला सगळे स्पॉन्सरशिप म्हणतात: दरमहा ४,००० रुपये, कुटुंबाच्या उत्पन्नाच्या अटीसह. एकाच मुलासाठी दोन्ही अर्ज एकदम टाकू नका. कुठला बसतो ते कक्षात विचारून ठरवा.

अर्जानंतर गृहभेट होते आणि बालसंगोपनाच्या प्रकरणात मूल बाल कल्याण समितीसमोर जातं. आज्यांची सगळ्यात मोठी भीती इथेच असते: “नेलं तर ठेवून घेतील.” म्हणून तारखेला बरोबर जा आणि काय होणार ते आदल्या दिवशी मुलालाही सांगा. समिती कोर्टासारखी शिक्षा देत नाही, मूल कुठे सुखरूप राहील ते ठरवते.

इशारा: मंजुरी आणि पहिला हप्ता यांत बरेच महिने जाऊ शकतात. मधल्या काळातला खर्च चर्चने उचलायचा, आणि तो किती महिने हे आधीच ठरवायचं. खातं बंद पडलेलं किंवा आधारशी न जोडलेलं असेल तर मंजूर पैसेही अडकतात.

टप्पा ६: चर्चने स्वतः काय द्यायचं

पैसा कमी आणि सोबत जास्त, असं प्रमाण ठेवा. एका कुटुंबाभोवती मंडळीतली चार घरं जोडून द्या. एक घर अभ्यास पाहील, एक आजीला दवाखान्यात नेईल, एक महिन्याचं रेशन बघेल, एक सणाला जेवायला बोलावेल. कोण काय करणार ते कागदावर हवं, “सगळे मिळून बघू” म्हटलं की कुणीच बघत नाही. आजीला महिन्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी मिळते का, हे मी तरी सगळ्यात आधी पाहते. सांभाळणारं माणूस कोसळलं तर घर कोसळतं.

पैसे द्यायचे तर शाळेची फी शाळेत, औषधं दुकानात, भाडं मालकाच्या खात्यात. रविवारी भक्तीनंतर सगळ्यांसमोर पाकीट देऊ नका. मुलं ते विसरत नाहीत.

मदत बारा महिन्यांची ठरवा आणि दर तीन महिन्यांनी घरच्यांसोबत बसून पाहा. जूनच्या खर्चासाठी वेगळी तरतूद ठेवा, वह्या-पुस्तकं, गणवेश आणि रेनकोट एकाच आठवड्यात लागतात.

हिशेबाचं थोडक्यात. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर हा खर्च न्यासाच्या उद्देशांत बसतो का ते लेखापरीक्षकाला विचारा. या कामाचा निधी वेगळ्या शीर्षाखाली ठेवा. परदेशातून पैसा येत असेल तर तो फक्त एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) नोंदणी असलेल्या खात्यातच, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. बाहेरच्या दात्याला “तुमचं मूल” म्हणून फोटो आणि पत्रं पाठवण्याची पद्धत बंद करा. दाता कुटुंबांच्या निधीला देतो, एका मुलाला नाही.

टप्पा ७: घर नसेल किंवा सुरक्षित नसेल तर

मूल एकटं सापडलं, कुणी चर्चच्या पायरीवर सोडून गेलं, घरात मारहाण होते आहे: १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, ती चोवीस तास चालते. पालकाविना सापडलेल्या मुलाची खबर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत द्यावी लागते. ही हेल्पलाइन, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा बाल संरक्षण कक्ष, यांपैकी कुठेही. समितीची बैठक नसली तरी एका सदस्यासमोर मूल हजर करता येतं. चांगल्या हेतूनेही पाळकाच्या घरी “चार दिवस ठेवू” असं करू नका.

चर्चने स्वतःचं वसतिगृह चालवणं आणि त्यात संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणं याला बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे नोंदणी लागते. नोंदणीशिवाय चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड किंवा दोन्ही. तुमच्या चर्चचं असं बोर्डिंग आधीपासून असेल तर नवीन मुलं घेणं थांबवा. आत असलेल्या प्रत्येक मुलाचं घर टप्पा ३ प्रमाणे पाहा, आणि समितीच्या आदेशाने एकेक मूल घरी पाठवायला लागा. एकदम बंद करून मुलांना गाडीत बसवून देणं हाही अन्यायच आहे.

मंडळीतलं एखादं जोडपं फॉस्टर केअरसाठी, म्हणजे काही काळ परकं मूल घरात वाढवण्यासाठी, तयार असेल तर त्यांना बाल संरक्षण कक्षाकडे पाठवा. मूल कुणाकडे जाईल ते बाल कल्याण समिती ठरवते. चर्चने जोडपं तयार करायचं, मूल आल्यावर पाठीशी राहायचं, आणि मूल परत आई-वडिलांकडे जाऊ शकतं हे त्यांना पहिल्याच बैठकीत नीट समजावायचं.

दत्तकाबद्दल सर्वात जास्त गोंधळ आहे. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा ख्रिस्ती जोडप्यांना लागू होत नाही. त्यांचा रस्ता बाल न्याय कायद्याचा, ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाच्या, पोर्टलवरून. बहिणीचं मूल घ्यायचं असलं तरी तोच, आणि अंतिम आदेश सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. प्रसूतिगृहातून परस्पर आणलेलं बाळ, नोटरीचा कागद, पाळकाचं पत्र यांतून दत्तक होत नाही. ठरलेली प्रक्रिया डावलून मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मूल वाढवता न येणारी आई तुमच्याकडे आली तर तिला समितीकडे न्या. सही केल्यावरही फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात, आणि त्या दोन महिन्यांत टप्पा ३ ते ६ मधलं सगळं तिच्यासाठी करून पाहता येतं.

टप्पा ८: अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी

सतराव्या वाढदिवसाला फाईल परत उघडा, कारण बहुतेक योजना अठराला थांबतात. बारावी किंवा आयटीआयची फी, मतदार नोंदणी, स्वतःचं बँक खातं, पेन्शन चालू राहण्यासाठी लागणारे कागद हे वर्षभरात उरका. दोन्ही पालक गेलेल्या मुलासाठी महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र वेळेत काढा. महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत अनाथांसाठी एक टक्का आरक्षण आहे आणि ते या कागदावर मिळतं. संस्थेतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ खाली आर्थिक साहाय्य मिळू शकतं, त्याची चौकशी बाहेर पडण्याआधीच करा. जोडून दिलेल्या चार घरांपैकी निदान एकाने पुढची तीन वर्षं फोन उचलायचं मान्य केलं आहे का, ते नावानिशी फाईलच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या.